सागिनबायची गाठ

"आधी नुसतं तेल आणायचं होतं," ओमुरझाक म्हणाला. "एक लिटर. बाकी काही नाही."

वीज सातला गेली होती. या खोऱ्यात हिवाळ्यात ती जातेच. कोणी उठून फ्यूजसुद्धा बघत नाही. कोळशाची भट्टी तापलेली होती, चहाचे वाडगे अजून गरम होते, आणि भाचा आदिलेत व भाची साइकाल भट्टीकडे पाय करून पडली होती. ओमुरझाकने तीस वर्षं जिल्हा इस्पितळाची गाडी चालवलेली. जाताना रडणारी आणि येताना गप्प बसणारी माणसं त्याने इतकी वाहिली होती, की गावातली निम्मी गुपितं मागच्या सीटवरून त्याच्या कानात पडली होती.

"भुताची आहे ना, आके?" आदिलेतने मामाला विचारलं.

"माझ्या गाडीत बसलेल्या माणसांची आहे. भुताची आहे का ते तू ठरव. हसायचं मात्र नाही. मी एकदा हसलो होतो, ते अजून घशात अडकलंय."

आदिलेत उठून बसला.

"दोन वर्षांपूर्वी. एकवीस नोव्हेंबर, गुरुवार. याच गल्लीतलं निळ्या फाटकाचं घर. आता तिथं दुसरी माणसं आहेत, उगाच डोकवायला जाऊ नका. त्या घरात बेरमेत नावाची सून होती. जे सांगतोय ते तिने मला सांगितलं, आणि शेवटचं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं."

बेरमेतला त्या आठवड्यात झोप अशी नव्हतीच. भिंतीपलीकडे तिची चार वर्षांची सेझिम आजीच्या गादीला गादी लावून झोपायची, आणि भिंतीअलीकडे बेरमेत कान लावून पडायची. पहिलं नातवंड आजीचं, हा इथला रिवाज. ते आजीच्या कुशीत वाढतं, आजीलाच 'आपा' म्हणजे आई म्हणतं, आणि जिने जन्म दिला तिला नावाने हाक मारतं. सेझिमही तिला "बेरमेत, पाणी दे" असंच म्हणायची. बेरमेतला त्याची सवय झाली होती, निदान झाली असं ती स्वतःला सांगायची. झोप उडाली होती ती वेगळ्याच गोष्टीने. सासू, काल्बूबू, झोपेत मारामारी करायची.

नुसतं बरळणं नाही. लाथा, बुक्के, शिव्या. जागेपणी जिच्या तोंडून कधी वाकडा शब्द निघाला नाही ती बाई झोपेत लांडग्यांना आणि चोरांना अशा शिव्या द्यायची, की बेरमेतला पहिल्यांदा हसू आलं होतं. नंतर लक्षात आलं की त्या बुक्क्यांपासून एका वितीवर आपली पोरगी झोपलेली असते.

लग्नाआधी बेरमेत शाळेत बीजगणित शिकवायची. समीकरणाला दोन बाजू असतात, हे तिने शंभर पोरांना पटवून दिलं होतं. सासरी एकच बाजू असते, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. "आपा, सेझिमला माझ्याकडे झोपू द्याल का," एवढं सहा शब्दांचं वाक्य तिने दोन महिने घोकलं. रोज ते चहाबरोबर गिळलं.

तर गुरुवार. गुरुवारी संध्याकाळी पितर घराकडे येतात. त्यांना तोंड नाही, हात नाहीत. ते वासावर जेवतात. म्हणून घरोघरी कढईत तेल तापवायचं, पिठाचे बोरसोक तळायचे, वास सोडायचा आणि गेलेल्यांची नावं घ्यायची. काल्बूबूचं नाक एके काळी गल्लीत प्रसिद्ध होतं. नाक्यावर उभी राहून ती सांगायची, कोणाकडे ताजं तेल आहे आणि कोण मागच्या गुरुवारचं पुन्हा तापवतंय. आणि त्याच बाईने गेली दीड वर्षं दर गुरुवारी खिडकीशी बसून एकच वाक्य म्हणायला सुरुवात केली होती.

"वास आला नाही."

"तळलेत, आपा. हे बघा, परातभर."

"परातीचं काय करू? वास आला नाही. माझा सागिनबाय उपाशी गेला."

सागिनबाय म्हणजे तिचा नवरा. तेव्हा त्याला जाऊन पाच वर्षं झालेली. बेरमेत पुन्हा तळायची. मनगटावर तेलाचे डाग, डागांवर नवे डाग. काल्बूबूने शेजारणींना सांगितलं की केलिन पितरांच्या तोंडचं तेल चोरते. 'केलिन' म्हणजे सून. पण ती तो शब्द असा उच्चारायची, की त्यात चोर आपोआप यायचा. मॉस्कोहून नवऱ्याचा, नुरगाझीचा, फोन आला.

"आईला दुखवू नकोस गं. तेल जरा जास्त घाल."

"किती जास्त? आंघोळ करू त्यात?"

"बघ, असं बोलतेस म्हणूनच."

मग म्हातारीला सागिनबाय दिसायला लागला. दिसायला म्हणजे पूर्ण नाही. उजव्या खांद्याशी कोणीतरी उभं आहे, एवढंच. वळलं की नाही. पुन्हा पुढे बघितलं की आहे. झाडफूक करणारी एक बाई येऊन हजार सोम घेऊन गेली आणि सांगून गेली: भुकेला आहे, घरातली एक जण त्याचा घास खाते. कोण एक जण, हे सांगायची तिला गरज पडली नाही.

बेरमेतने मात्र एक कागद केला. सवय जाते कुठे. डावीकडे तारीख, उजवीकडे काय झालं ते. वास नाही. दूध करपलं, शेजारी बसून कळलं नाही. आठ-आठ दिवस पोट साफ नाही. कारण नसताना रडणं. झोपेत मारामारी. उजव्या खांद्याशी माणूस. आवाज बारीक. तिला वाटलं, या सगळ्याला मिळून एकच उत्तर असणार. आणि लगेच असंही वाटलं, की आपण कोण मोठे लागून गेलो, सासू नकोशी झालीय म्हणून आजार शोधतोय. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात, हे तिला मान्य करायला वेळ लागला. ऑक्टोबरात ती काल्बूबूला जिल्ह्याच्या इस्पितळात घेऊन गेली.

"गाडी माझीच होती," ओमुरझाक मध्येच म्हणाला. त्याने वाडगा खाली ठेवला, जरा जोरात. "मी दारातच उभा होतो. डॉक्टर म्हणाला, आपा, हात पुढे करा. तिने केले. दगडासारखे स्थिर. हात कापत नाहीत, म्हणाला, मग घाबरायचं कशाला, वय झालं. पोरीने कागद पुढे केला. त्याने तो वाचलासुद्धा नाही. म्हणाला, केलिन, डॉक्टर तू की मी? पोट साफ होत नाही आणि सासू ओरडते, याला आजार म्हणायचं तर अख्खा देश दाखल करावा लागेल मला. आणि मी हसलो. तो हसला म्हणून मीही हसलो. पोरीने माझ्याकडे बघितलं…"

तो थांबला. भट्टीत कोळसा खाली बसला.

"पुढे सांगा ना," साइकाल हळूच म्हणाली.

"सांगतो. एक गोष्ट आधी ध्यानात ठेवा. सागिनबायला उजवा अंगठा नव्हता. गवत कापायच्या यंत्राने नेला, तरुणपणीच. त्यामुळे त्याची गाठ उलटी पडायची, डावीकडे वळणारी. उन्हाळ्यात वरच्या कुरणावर जाताना घोड्यावर बिछाने बांधायचे, तेव्हा दोरी ओढली की मधला पीळ सुटायचा, अंगठा नाही ना दाबायला. मग तो बायकोला हाक मारायचा. ती येऊन पिळावर बोट दाबून धरायची. चाळीस वर्षं त्याचा अंगठा म्हणजे काल्बूबूचं बोट. अख्ख्या खोऱ्यात तशी गाठ दुसरं कोणी बांधत नसे. जमतच नसे."

त्या गुरुवारी बेरमेत एक लिटर तेल घेऊन आली. तळलं. वास आला नाही. दुसऱ्यांदा तळलं. वास आला नाही. काल्बूबू रडली, सेझिमला पोटाशी घेऊन झोपायला गेली. बेरमेतने कढई झाकली, गॅस बंद केला आणि भिंतीशी पडली.

दोन वाजून दहा मिनिटांनी ओरडणं सुरू झालं.

"सोड तिला… सोड, कुत्र्या…"

मग एक आवाज. उशीवर पडणाऱ्या बुक्कीचा नाही. दुसरा.

मग सेझिम.

बेरमेत दार ढकलून आत गेली. कंदील नव्हता, फोनचा उजेड होता. म्हातारीचे डोळे मिटलेले. हात हवेत. पोरीच्या ओठातून रक्त हनुवटीवर आलेलं.

बेरमेतने सेझिमला उचललं. काल्बूबू जागी झाली. जागी झाल्याबरोबर शांत, नेहमीसारखी.

"काय झालं? लांडगा होता. मेंढीवर आला होता."

"तुम्ही हिला मारलंत, आपा."

"मी? माझ्या पिल्लाला?" तिने रक्त बघितलं. तिचा चेहरा पडला, आणि मग पडलेल्या चेहऱ्याला धरायला काहीतरी हवं म्हणून तिने मान उजवीकडे फिरवली. "त्याने मारलं. उपाशी आहे तो. तुझ्यामुळे उपाशी आहे."

दोन महिने घोकलेलं वाक्य बेरमेतच्या तोंडात होतं. बाहेर आलं ते भलतंच.

"तो उपाशी नाही. तुमचं नाक मेलंय."

पोरीला काखेत धरून ती स्वयंपाकघरात गेली आणि हाताला लागलं ते घेऊन आली. साबण धरला म्हातारीच्या नाकाखाली. "कसला वास?" काल्बूबू गप्प. वाळलेला पुदिना चुरगळून धरला. गप्प. कांदा फोडला.

"हा येतोय," काल्बूबू म्हणाली. डोळे पुसले. "बघ, पाणी आलं."

"पाणी आलं. वास आला का?"

म्हातारीने कांदा हातात घेतला. नाकाला लावला. पुन्हा लावला. "शिळा असेल."

"काल आणलाय."

"मग तुझ्यासारखाच, बिनवासाचा."

बेरमेतने कढईवरचं झाकण आणलं. संध्याकाळच्या तेलाचे थेंब त्यावर अजून होते. ते तिने समोर धरलं. काल्बूबूने वास घेतला. खोल. छाती वर आली. तिथेच राहिली.

"किती गुरुवार?" काल्बूबूने विचारलं. आवाज इतका बारीक, की बेरमेतला वाकावं लागलं.

"सत्तर तरी."

"तू तळत होतीस…"

"दर वेळी. दोनदा."

"आणि तो जेवून जात होता."

"जातच असणार, आपा."

म्हातारीने झाकण गादीवर ठेवलं. मग हळूच उजवीकडे बघितलं. पुन्हा समोर.

"तर मग हा… का उभा आहे?"

बेरमेतने सेझिमची गादी ओढली, स्वतःच्या खोलीत न्यायला. आणि इथं, ओमुरझाक म्हणाला, माणूस किती घाबरला की किती दुष्ट होतो ते बघा. काल्बूबूने गादीचं दुसरं टोक धरलं.

"पहिलं नातवंड माझं. ही गादी या उंबऱ्याबाहेर गेली, तर तूही जाशील. उजाडायच्या आत, माहेरी. पोरगी इथंच राहील. नुरगाझीला फोन लावू?"

तो काय म्हणेल हे दोघींना ठाऊक होतं. बेरमेतने टोक सोडलं. स्वतःची तिला इतकी किळस कधी आली नव्हती. ती दोघींच्या मध्ये, जमिनीवर, भिंतीला पाठ टेकून बसली. सेझिम झोपली. तिच्या अंगावर बेरमेतने हात ठेवला, पुढची बुक्की आली तर या हातावर यावी म्हणून. झोपायचं नाही. तीन वाजलेले तिने बघितले. सव्वातीन बघितले.

चार बघितले नाहीत.

जाग आली ती वासाने.

तापलेलं तेल. ताजं. इतकं, की डोळे चुरचुरले.

हाताखाली…

हाताखाली जमीन होती. गार.

पोरगी नव्हती. गादी नव्हती.

काल्बूबू तिच्या जागी होती. बसलेली. जागी. खोलीच्या दाराकडे बघत.

"आपा… सेझिम कुठाय?"

म्हातारीने फक्त स्वतःच्या उजव्या खांद्याला हात लावला. तिथं चाचपडली. जणू तिथलं काही कमी झालं होतं.

बेरमेत धावली. आधी स्वयंपाकघर, कारण वास तिकडून येत असणार. गॅस बंद. कढई गार. तेल गोठलेलं, वर सायीसारखा थर. बोट लावलं तर थंड.

वास तरीही होता.

मग तिची स्वतःची खोली. सेझिम बेरमेतच्या अंथरुणात झोपली होती. पांघरूण हनुवटीपर्यंत. ओठावरचं रक्त पुसलेलं.

आणि उंबऱ्यावर, आतल्या बाजूला, तिची गादी. गुंडाळलेली. वरच्या कुरणावर न्यायला गुंडाळतात तशी, घट्ट. घोड्याच्या केसांच्या दोरीने बांधलेली. ती दोरी गोठ्यात खिळ्याला होती. सागिनबाय गेल्यापासून कोणी उतरवली नव्हती.

काल्बूबू भिंत धरत मागून आली. वाकली. गाठीवरून हात फिरवला. पुन्हा फिरवला.

डावीकडे वळलेली.

"मी नाही," ती म्हणाली. "मला वर्षभर साधं बटण लावता येत नाही, केलिन."

बेरमेतने ते कागदावर लिहिलेलं नव्हतं. ते तिला माहीतच नव्हतं.

उजाडलं तेव्हा दोघी तशाच उंबऱ्याच्या दोन बाजूंना बसल्या होत्या. मग काल्बूबूने डोक्याचा रुमाल नीट केला.

"ओमुरझाकला बोलव. बिश्केकला जायचंय. आणि तो कागद घे तुझा. बटणाचं लिही त्यात."

"दोरी सोडवू का?"

"सुटत असेल तर सोडव."

सुटली नाही. ओमुरझाकने सुरीने गाठीच्या बाजूला कापली.

"मग काय निघालं?" आदिलेतने विचारलं. "डॉक्टरकडे?"

"पार्किन्सन. नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. बिश्केकच्या डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, वास कधीपासून येत नाही? पहिला प्रश्न. कागद वाचायच्या आधी. मग तो पूर्ण वाचला, दोनदा. म्हणाल्या, हात कापायला लागतात ते कधी कधी पुष्कळ नंतर. आधी हेच येतं: नाक, झोप, पोट, मन. चालताना हिचा उजवा हात हलत नाही, हे कोणी बघितलं नाही का? बेरमेतने माझ्याकडे बघितलं. मी हसलो नाही." त्याने नाकातून श्वास सोडला. "गोळ्या दिल्या. ओरडणं कमी झालं. नुरगाझी परत आला, आईच्या पाया पडला. बायकोची माफी मागितली की नाही ते मला माहीत नाही; मागितली असती तर कोणीतरी सांगितलं असतं. आता सगळी शहरातच असतात. पोरगी आईजवळ झोपते."

"म्हणजे आजारच होता सगळा," साइकाल म्हणाली. तिला जरा सुटल्यासारखं झालं होतं. "खांद्याशी दिसणारा माणूससुद्धा?"

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या तसं. असेल. आजाराने म्हातारीला माणूस दिसला, कबूल. पण बेरमेतला तर आजार नव्हता. वास तिला आला."

ओमुरझाकने कोटाच्या आतल्या खिशात हात घातला. घोड्याच्या केसांचा काळा तुकडा काढून त्याने वाडग्यांच्या मधे ठेवला. मुठीएवढी गाठ, दोन्ही बाजूंनी कापलेली. आदिलेतने ती उचलली नाही. साइकालने वाकून बघितली आणि हात मागे घेतला.

"म्हातारीने दिली. म्हणाली, घरात नको आणि टाकवतही नाही. बघा, उलटी आहे की नाही. आणि आता गाडीतलं सांगतो. तेवढं मी ऐकलंय."

खिंडीवर बर्फ होतं, गाडी हळू चालली होती. काल्बूबू पुढे, ओमुरझाकशेजारी, ही गाठ मांडीवर घेऊन. बेरमेत आणि सेझिम मागे. सेझिमचा ओठ सुजलेला, ती खिडकीवर वाफ सोडून बोटाने रेघा काढत होती. तिच्यासमोर गाठीविषयी कोणी अवाक्षर काढलं नव्हतं, आणि आजोबा तर ती जन्मायच्या आधीच गेलेला.

काल्बूबूने मागे न बघता विचारलं, त्या बारीक आवाजात. "पिल्ला. रात्री तुला उचलून कोणी नेलं?"

"अंगठा नसलेल्याने."

गाडी जरा घसरली. ओमुरझाकने सावरली.

"तो…" काल्बूबूने मांडीवरची गाठ मुठीत धरली. "तो भुकेला होता का गं?"

"नाही," सेझिम म्हणाली. काचेवरची रेघ तिने पूर्ण केली. "खूप चिडला होता. म्हणाला, बोट ठेव. मग मी ठेवलं."